एकही मुलगी नसलेली हकीकत

“इतकी पानं लिव्हलीत बाईंनी, पण ह्यात एक पोरगी न्हाय की.”

हे मी दाराबाहेरच्या बाकावर बसून ऐकले. आत शाळाखात्याचे डिपुटीसाहेब होते, आणि त्यांना माझा कागद वाचून दाखवणारा त्यांचा कारकून होता. कारकुनाचा आवाज मुळातच मोठा. तो चिडून बोलला नव्हता, चेष्टेनेही नाही. भाजीची जुडी निवडता निवडता हाती काहीच उरू नये, तसा त्याचा सूर होता.

साहेब म्हणाले, “पुढं वाचा.”

“पुढं बी ह्येच हाय, साहेब. ‘स्त्रीशिक्षण हा राष्ट्रमंदिराचा पाया होय.’ मग, ‘अशिक्षित माता म्हणजे दीपाविना गृह होय.’ मग ज्ञानाचा सूर्य उगवतोय. त्यो दोनदा उगवतोय. एकदा पयल्या पानावर, आन् एकदा शेवटच्या.”

उठून निघून जावे असे वाटले. पण माझ्या वहाणा उंबऱ्यापाशी काढलेल्या होत्या. त्या घ्यायला गेले असते तर आतून दिसले असते. म्हणून मी पदर सारखा करून तिथेच बसून राहिले आणि समोरच्या भिंतीवरचा गिलावा कुठे कुठे निघाला आहे ते पाहत राहिले. लोक माझ्याबद्दल बोलू लागले की मी असेच काहीतरी पाहत बसते.

थोड्या वेळाने आत बोलावले. साहेब वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“बाई, भाषा शुद्ध आहे. अक्षर उत्तम आहे. पण मी मागितली होती शाळेची हकीकत. ही शाळा का ठेवावी, ते मला वर लिहायचं आहे. तपासणीला आलो तेव्हा पटावर चाळीस मुली होत्या आणि समोर दहा-अकरा बसल्या होत्या. महाराज शाळांसाठी सढळ हातानं खर्च करतात, रिकाम्या खोलीसाठी करायचे नाहीत. ह्या कागदात मला काही सापडत नाही. सोमवारी दुसरा आणा. मोठ्या बाईंनाही घेऊन या. दसऱ्याच्या आत सगळे कागद हुजुरांकडे जातील.”

मी मान हलवली. कारकून म्हणाला, “बाई, सूर्य येकदाच उगवू द्या ह्या बारीला.”

मी त्यालाही मान हलवली.

*

आमची शाळा गंगावेशीकडे, एका जुन्या मठाच्या आवारात भरत असे. एक लांबट खोली आणि तिच्यापुढे खांबांची ओवरी. शिकवणाऱ्या आम्ही दोघी. मोठ्या बाईंना लहानपणीच वैधव्य आले होते. भावाने त्यांना ट्रेनिंगला धाडले, पुढे तो भाऊही गेला, आणि तेव्हापासून त्या मठाच्या मागच्या बाजूच्या खोलीत एकट्या राहत. मी धाकटी बाई. माझे वडील बेळगावच्या छावणीत नोकरीला होते. तिथल्या इंग्रजी शाळेत त्यांनी मला घातले आणि लोक काय म्हणतील ते म्हणू दिले. ते वारल्यावर मी कोल्हापुरात भाऊ-वहिनींकडे आले. लग्नाचे वय टळून गेलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी आणि फाडफाड इंग्रजी वाचणारी मुलगी घरात ठेवून काय करायचे, हे भावाला कळेना. ओळखीने त्याने मला ह्या शाळेत लावून दिले.

खात्याचा विचार असा होता की आमची शाळा बंद करून मुलींना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत पाठवावे. कागदावर ते सोपे होते. पण तिकडे जायचे तर सगळा बाजार ओलांडून जावे लागे, आणि आमच्या वस्तीतली एकही आई आपल्या मुलीला बाजारातून एकटी जाऊ देणारी नव्हती. शाळा बंद झाली की ह्या मुली कुठेही जाणार नव्हत्या. त्या घरी बसणार होत्या. हे मोठ्या बाईंना माहीत होते, मला माहीत होते. खात्याला कळवायचे होते, आणि ते काम बाईंनी माझ्यावर टाकले. “तू इंग्रजी शिकलीस. तुझ्या लिहिण्याला वजन येईल,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे लिहिणे झरझर मोडीत चाले. पण साहेबांना अर्ज नको होता, वर्णन हवे होते, आणि वर्णन म्हटले की बाई हात झटकत.

खरे तर माझी फसगत बेळगावलाच झाली होती. आमच्या शाळेत दर शनिवारी निबंध असे. आरंभी एक थोर विचार, मधे तीन मुद्दे, शेवटी बोध. मी आगगाडीच्या प्रवासावर लिहिले तेव्हा मी आगगाडीत बसलेही नव्हते. समुद्रावर लिहिले तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. दोन्ही निबंध वर्गात वाचून दाखवले गेले. त्यामुळे माझी समजूत अशी झाली होती की लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीबद्दल सुरेख बोलणे. पाहिलेल्या गोष्टी मनात ठेवायच्या असतात, कागदावर न्यायच्या नसतात. आणि मला दिसत तर सगळे असे. कोणत्या मुलीने काल काही खाल्लेले नाही, कोणती आज रडून आली आहे, मोठ्या बाई फळ्यावर हात टेकून का उभ्या राहतात, हे सगळे मला दिसे. ते लिहिण्याजोगे आहे असे मला कोणी कधी सांगितले नव्हते.

कचेरीतून परत आले त्या दिवशी मी दुसरा खर्डा सुरू केला. मराठी सुचेना म्हणून आधी इंग्रजीत लिहिला. इंग्रजीत तो भराभर झाला. मग मराठीत उतरवायला बसले, तर प्रत्येक वाक्य लाकडी बाहुलीसारखे उभे राहू लागले, हलेना, वाकेना. वहिनी शेजारी तांदूळ निवडत होती. मी एक वाक्य तिला वाचून दाखवले. ‘आपल्या वसतिस्थानापासून शिक्षणस्थानाकडे मुली आनंदाने प्रस्थान ठेवतात.’

वहिनी कागलकडची. तिने हातातला खडा बाजूला टाकला. “वन्सं, पोरी कुठं चालल्यात? काशीला?”

“शाळेत.”

“मग शाळंत चालल्यात म्हना की.”

मी कागद फाडला. त्या आठवड्यात मी किती कागद फाडले ते भावाला कळू नये म्हणून तुकडे चुलीत घालत असे. रोज शाळेत जायचे, मुलींना बाराखडी म्हणायला लावायची, आणि सगळा वेळ डोक्यात एकच चालू असे: ह्या मुली दसऱ्यानंतर इथे नसणार, आणि त्याचे कारण मला लिहिता येत नाही हे असणार. कोणी आजारी पडावे, पूर यावा, साहेबांची बदली व्हावी, असल्या प्रार्थना मी केल्या आहेत. माझ्याजवळ दोन भाषा होत्या, आणि दोन्ही मला ऐन वेळी परक्या झाल्या होत्या.

*

मुलींना घरोघर जाऊन बोलावून आणायला त्या काळी शाळेची एक बाई असे. आमच्या बाईला सगळी वस्ती मावशी म्हणे. मावशी अंगाने धिप्पाड, तोंडाने फटकळ, आणि जरूर पडली तर खोटे बोलायला मागेपुढे न पाहणारी होती. आज शाळेत खाऊ आहे असे सांगून तिने कितीतरी मुली आणल्या असतील. हकीकतीत निदान एक तरी खरी मुलगी यावी, म्हणून एका सकाळी मी तिच्याबरोबर निघाले.

“धाकट्या बाई, तुमी नुस्त्या चला. बोलू नका. तुमी बोललासा की बाया बुजतील.”

मला न बोलण्याची आज्ञा आयुष्यात प्रथमच झाली होती, आणि ती मला मानवली.

पहिल्या दारात मावशीने हाक दिली. “पोरगी उठली का गं? धाड की लवकर.”

आतून आवाज आला, “आज न्हाय यायची. मी शेताला चाललीया. धाकटं कोन बगनार?”

“घिऊन येऊ दे की संगं. झोळी येक रिकामी हाय.”

“लई रडतंय त्ये.”

“रडू दे की. तितं बाकीची काय गात्यात व्हय?”

थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली. कडेवर भाऊ, दुसऱ्या हातात पाटी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी माझ्या पहिल्या कागदात नव्हती. आमच्या ओवरीत रोज झोळ्या बांधलेल्या असत. जुन्या लुगड्यांच्या, छताच्या कड्यांना अडकवलेल्या. त्यांत मुलींची तान्ही भावंडे निजत. एक मुलगी झोका देई, बाकीच्या आत वाचत, मग पाळी बदले. मला ह्याची लाज वाटे. बेळगावच्या आमच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई, आणि इथे कविता चालू असताना मधेच कोणीतरी भोकाड पसरी. ते मी शाळेत धरतच नव्हते. ती शाळेतली घाण आहे, केव्हातरी निघून जाईल, असे मला वाटे. शिवाय ते नियमाविरुद्धही होते.

पण त्या सकाळी दारोदार एकच संभाषण झाले. माणसे बदलत होती, बोलणे तेच. पोरगी यायची का नाही, हा प्रश्नच नव्हता. तान्हे कुठे ठेवायचे, एवढाच प्रश्न होता. आणि मावशीचे उत्तर सगळीकडे एकच होते, झोळी आहे.

शेवटी आम्ही एका बागवानाच्या घरी गेलो. घरधनीण दाराच्या पडद्याआडून बोलत होती. तिची मुलगी आमच्या तिसऱ्या बुकात होती, वर्गात सगळ्यांत नीट वाचणारी.

“धाकटी बाई आली व्हय संगं? मग आज पन साहेब येनार हाय का?”

“न्हाय, न्हाय. आज साहेब न्हाय,” मावशी म्हणाली.

“तसं नव्हं. गेल्या बारीला साहेब येनार म्हनून तुमी सांगिटलासा, तान्ह्यास्नी आनू नका. मग पोरगी पन घरातच ऱ्हायली की. मी बाजारात बसू का घरात बसू? येका पोरीच्या दोन करायच्या व्हय मी?”

मावशी हसली. मी मात्र तिथेच उभी राहिले. पडद्याच्या खालून त्या बाईची पावले दिसत होती आणि तिच्या शेजारी मुलीची पावले. मुलगी कडेवर ओझे घेतल्यासारखी एका पायावर भार देऊन उभी होती.

तपासणीचा आदला दिवस मला आठवला. मोठ्या बाईंनी सांगितले, उद्या झोळ्या नकोत. स्टुलावर चढून त्यांच्या गाठी मी सोडल्या होत्या. लुगडी घडी करून बाईंच्या खोलीत ठेवली. ओवरी शेणाने सारवून घेतली, रांगोळी काढली. साहेब आले तेव्हा शाळेत इतकी शांतता होती की मला बेळगावची आठवण झाली. त्या शांततेत दहा-अकरा मुली बसल्या होत्या, ज्यांच्या घरी तान्हे नव्हते तेवढ्या. शाळा टापटिपीची दिसावी म्हणून आम्ही ती पाऊण हिश्श्याने रिकामी करून ठेवली होती. आणि साहेबांनी ती रिकामी शाळा पाहिली म्हणूनच ती बंद करायचा विचार निघाला होता. यात त्यांची चूक काहीच नव्हती.

“मावशी, तुला हे तेव्हाच कळलं होतं?” मी वाटेत विचारले.

“कळायचं काय त्यात? दारोदार मीच सांगत हिंडले की. बाईंनी सांगिटलं, सांगिटलं.” मग थोडे पुढे जाऊन म्हणाली, “आमाला कोन इचारतंय?”

*

त्या दुपारी शाळा सुटल्यावर मी तिथेच बसून लिहिले. ‘आमच्या शाळेत सकाळी पहिला आवाज ऐकू येतो तो तान्ह्या मुलाच्या रडण्याचा.’ हे वाक्य लिहून मी टाक खाली ठेवला. बेळगावच्या मॅडमनी ते लाल शाईने खोडले असते. त्यात विचार नव्हता, बोध नव्हता. पण त्याच्यामागे दुसरे वाक्य आपण होऊन आले. मुलगी येते ती आधी झोळीपाशी जाते, मग पाटीपाशी. मग तिसरे. ती बागवानाची मुलगी एका पायाने झोळीला बांधलेली दोरी ओढते आणि मांडीवर पुस्तक ठेवून वाचते. तिचे वाचन आणि झोका एका तालात चालतात. मग कागदावर तपासणीचा दिवस आला. गाठी, सारवण, शांतता. वाक्ये आखूड होत होती आणि मला ती लांबवावीशी वाटत नव्हती. आपण काही चांगले लिहीत आहोत असे मला वाटले नाही. एवढेच वाटले की आता थांबले तर पुन्हा जमणार नाही.

संध्याकाळी ते मी मोठ्या बाईंना नेऊन दिले. त्यांनी उभ्याने वाचायला घेतले आणि दुसऱ्या पानावर खाली बसल्या.

“हे लिहायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. खोटं आहे का काही?”

“खोटं असतं तर विचारलंच नसतं.” त्यांनी चष्मा काढला. “तू यायच्या आधीचं तुला माहीत नाही. पूर्वीचे साहेब एकदा अचानक आले होते. झोळ्या पाहून त्यांनी मला लेखी ताकीद दिली. वर्गात विद्यार्थिनींखेरीज कुणी दिसलं तर नोकरीवरून कमी करू. ती ताकीद कचेरीत अजून असेल.”

“पण बाई, हे सांगितलं नाही तर शाळा जाईल.”

“शाळा गेली तर मला दुसऱ्या शाळेत घेतील. ताकीद मोडली म्हणून काढलं तर कोण घेईल? नोकरी गेली की ही खोलीही जाईल.”

“आणि मुली?”

बाई पदराने चष्म्याच्या काचा पुसू लागल्या. आवारात मावशी झोळ्यांच्या गाठी सोडत होती, तिचे खोकणे ऐकू येत होते.

“मुलींचं मी इतकी वर्षं पाहिलं,” बाई म्हणाल्या. “एकदा माझं मला पाहू दे. ती पानं काढ.”

मी ती पाने काढली. त्यांच्यावर मला राग आला नाही, आजही येत नाही. संक्रांतीला मी अजून त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन जाते. त्या दिवसांचा विषय आम्ही दोघीही काढत नाही. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरणे काय असते ते मला त्यांच्याहून जास्त माहीत होते.

उरलेल्या पानांत आणखी मुली घालून मी नवी हकीकत जुळवली. ती पहिलीपेक्षा कितीतरी बरी होती. तिच्यात मुली होत्या. घरी जाऊन बापाला बाजाराचा हिशोब वाचून दाखवणारी होती, पाटी फुटली म्हणून कौलाच्या तुकड्यावर लिहून आणणारी होती, दारोदार हाका मारणारी मावशी होती. फक्त तान्ही नव्हती, आणि तपासणीच्या दिवसाबद्दल एक शब्द नव्हता. रविवारी दुपारी मी ती वहिनीला वाचून दाखवली. वहिनीने ह्या वेळी काम बाजूला ठेवले. कौलावर लिहिणारी मुलगी आली तिथे ‘बया’ म्हणाली. मला वाटले, जमले.

मग तिने विचारले, “वन्सं, ग्वाड लिव्हलंसा. पन पोरींना शाळंची इतकी वढ हाय, तर साहेब आलता त्या दिशी सगळ्या गेल्या कुठं?”

“ते लिहिता येत नाही.”

“का?”

“नाही येत.”

“मग साहेब इचारतीलच की. मी अडानी, मी इचारलं.”

ती पुन्हा कामाला लागली. तिला त्यात काही विशेष वाटले नव्हते. पण मी कागद घेऊन तिथेच बसले, आणि त्या कागदाला काय झाले आहे ते मला कळले. जितकी वाक्ये खरी होती, तितकी ती सगळी मिळून त्या एका दिवसाकडे बोट दाखवत होती. पहिल्या, पोकळ हकीकतीत कोणी काही विचारले नसते, कारण तिच्यात काही नव्हतेच. ही मी बरी लिहिली होती, म्हणून तिच्यातली रिकामी जागा आता दिसत होती.

उरलेला दिवस मी ती जागा भरायचा प्रयत्न केला. त्या दिवशी पाऊस फार होता, असे लिहून पाहिले. त्या आठवड्यात वस्तीत ताप होता, असे लिहिले. पूर्वी मी न पाहिलेल्या समुद्रावर निबंध लिहिला होता, तेव्हा एक अक्षर अडले नव्हते. आता एक ओळ खोटी लिहिली की ती शेजारच्या ओळींत उसन्या लुगड्यासारखी वेगळी दिसू लागे. मला रडू आले ते ह्या गोष्टीचे. साधे लिहायला शिकायला मला इतका त्रास झाला होता, आणि शिकल्यावर माझी आधीची एकुलती एक विद्या, सुरेख खोटे लिहिण्याची, तीही गेली होती. हाती काही नव्हते. शाळा बुडवायची की बाईंना बुडवायचे, एवढेच उरले होते. मी बाईंना बुडवणार नव्हते. म्हणून ती जागा मी तशीच सोडली आणि कोणी विचारू नये असे मनाशी म्हणत झोपले.

*

सोमवारी मोठ्या बाई आणि मी कचेरीत गेलो. ह्या वेळी बाहेर थांबवले नाही. समोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, म्हणून मीही बसले नाही. साहेबांनी कारकुनाला कागद दिला.

त्याने वाचायला सुरुवात केली. सवयीप्रमाणे मोठ्याने, पण थोड्याच वेळात त्याचा आवाज उतरला. मावशीच्या हाका आल्या तिथे तो हसला. कौलाच्या तुकड्याशी थांबला, तो भाग साहेबांनी पुन्हा वाचायला लावला. मी बाईंच्या पदराचा काठ पाहत होते. तो त्यांनी बोटाभोवती घट्ट गुंडाळला होता.

वाचून झाल्यावर कारकून म्हणाला, “ह्यात पोरी हायत, साहेब.”

“हो,” साहेब म्हणाले. त्यांनी कागद उलटसुलट केला, शेवटच्या पानामागे आणखी काही आहे का ते पाहिले. “बाई, हे मला आवडलं. पण मग मी आलो त्या दिवशी ह्या मुली कुठं होत्या?”

प्रश्न मला होता. मी नेहमीसारखी समोरच्या दौतीकडे पाहू लागले.

मोठ्या बाई बोलल्या. “त्या सुमारास मुरगुडाला जत्रा होती, साहेब. वस्तीतली पुष्कळ घरं तिकडं गेली होती.”

“मुरगुडाला?” कारकुनाने मान वर केली. “मी तिकडचाच की, बाई. तवा कुठली जत्रा?”

तो लबाडी पकडायला बोलला नव्हता. आपल्या गावचे नाव आले म्हणून सहज बोलला होता. पण बाईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत वर्गासमोर त्यांना मी कधी असे पाहिले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बोल अशी ती नजर नव्हती, बोलू नको अशीही नव्हती. त्या फक्त दमल्या होत्या.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. “ठीक आहे. ‘शिक्षण समाधानकारक, उपस्थिती अत्यल्प, कारण अज्ञात,’ असं लिहितो. एवढ्यावर वरचे लोक शाळा ठेवतील असं वाटत नाही, पण माझा इलाज नाही.”

ते लिहू लागले तसा टाक कुरकुरत होता. ‘शिक्षण’ झाले. ‘उपस्थिती’ झाली. तो शब्द संपून पुढचा सुरू व्हायच्या आत माझा आवाज मला ऐकू आला. तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता.

“साहेब, ‘अज्ञात’ लिहू नका. कारण आम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मुली घरी तान्ही भावंडं सांभाळत होत्या. रोज त्या त्यांना शाळेत आणतात, ओवरीत झोळ्या बांधतात, आळीपाळीनं झोका देतात आणि वाचतात. हे नियमाविरुद्ध आहे, म्हणून तुम्ही येणार तेव्हा आम्ही झोळ्या सोडल्या. गाठी मी सोडल्या, मोठ्या बाईंनी नाही. काय ताकीद द्यायची ती मलाच द्या, पण एखाद्या सकाळी आम्हाला न कळवता या.”